पोपमहोदयांची चिमुकली सेना : शस्त्र कशासाठी?



२०२५ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत आपण सर्वांनी टीव्हीवर रोम शहर डोळे भरून पाहिले. २१ एप्रिल रोजी पोप फ्रान्सिस प्रभूघरी गेले, ७ मे रोजी कॉन्क्लेव्ह सुरू झाले आणि ८ मे च्या संध्याकाळी पोप लिओ चौदावे संत पेत्र महामंदिराच्या सज्जात येऊन उभे राहिले. त्या सर्व दृश्यांत निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा पोशाख केलेले आणि हातात उंच भाल्यासारखे शस्त्र धरलेले तरुण आपल्या नजरेतून सुटले नसतील. धर्मशिक्षणाच्या वर्गातली लहान मुले विचारतात, "फादर, ते बँडवाले आहेत का?" मोठी माणसे जरा दबक्या आवाजात विचारतात, "पोपमहोदयांना सैन्य कशाला हवे?"

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ते बँडवाले नाहीत, ते खरेखुरे शिपाई आहेत. त्यांना 'स्विस गार्ड' म्हणतात. व्हॅटिकन हे जगातील सर्वांत लहान राष्ट्र. त्याचे क्षेत्रफळ ४४ हेक्टर, म्हणजे सुमारे १०९ एकर. एवढ्याशा राष्ट्राची ही सेनाही तितकीच लहान आहे.

मोठ्यांचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि तो टाळता येणार नाही. गेथसेमनी बागेत संत पेत्राने तलवार उपसली व महायाजकाचा दास मल्ख याचा उजवा कान कापला. तेव्हा प्रभू येशूने पेत्राला तलवार म्यानात परत ठेवायला सांगितले, आणि संत लूक आपल्याला सांगतो की प्रभूने त्या माणसाचा कान बरा केला. मग त्याच पेत्राच्या वारसाच्या दारात तलवारधारी शिपाई उभे का? हा देखावा शुभवर्तमानाच्या विरुद्ध नाही का? आपल्यापैकी कित्येकांची मुले सैन्यात, पोलिसात किंवा सिक्युरिटीच्या नोकरीत असतात. त्यांच्या आईवडिलांसाठी हा दूरच्या रोमचा प्रश्न राहत नाही. म्हणून या रविवारी आपण या चिमुकल्या सेनेचा इतिहास, तिची शस्त्रे व तिच्यामागचा विचार यांचा थोडा अभ्यास करू या.

१. डोंगरातले गरीब शिपाई

स्वित्झर्लंड म्हटले की आज आपल्याला घड्याळे, चॉकलेट आणि बँका आठवतात. पाचशे वर्षांपूर्वी तो देश गरीब होता. उंच डोंगर, अरुंद खोरी, थोडीशी शेती आणि घरात मुलगे पुष्कळ. आपल्याकडचे तरुण जसे पोटासाठी बोटीवर किंवा गल्फला जातात, तसे तेथले तरुण दुसऱ्या देशांच्या राजांकडे शिपाई म्हणून जात. भाडोत्री सैनिकी हा त्यांचा रोजगार होता.

त्यांना मागणीही मोठी होती, कारण त्यांनी युद्धाची पद्धतच बदलली होती. त्या काळी रणांगणावर चिलखत घातलेल्या घोडेस्वार सरदारांचे राज्य होते. पायी लढणाऱ्या शेतकऱ्याला कोणी विचारत नसे. परंतु १३१५ साली मोरगार्टन येथे व १३८६ साली सेम्पाख येथे स्विस शेतकऱ्यांनी हाब्सबुर्ग घराण्याच्या बलाढ्य सैन्याचा पाडाव केला. पुढे १४७६ व १४७७ च्या लढायांत त्यांनी बर्गंडीच्या चार्ल्स या श्रीमंत सरदाराचेही सैन्य मोडून काढले. तेव्हापासून स्विस पायदळ म्हणजे युरोपातील उत्तम पायदळ अशी ख्याती झाली.

पोप ज्युलियस दुसरे यांनी असेच शिपाई मागवले. २२ जानेवारी १५०६ रोजी कॅप्टन कास्पर फॉन झिलेनन यांच्या हाताखाली १५० स्विस शिपाई रोममध्ये शिरले व पोपमहोदयांनी त्यांना आशीर्वाद दिला. हाच स्विस गार्डचा स्थापनादिन मानतात. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात आजच्या संत पेत्र महामंदिराची कोनशिला बसवण्यात आली. म्हणजे मंदिर आणि त्याचे पहारेकरी, दोघांचे वय सारखेच.

येथे सत्य झाकून ठेवण्याचे कारण नाही. पोप ज्युलियस हे स्वतः सैन्य घेऊन मोहिमेवर जाणारे पोप होते. १५०६ मध्ये बोलोन्यावर आणि १५११ मध्ये ऐन हिवाळ्यात मिरांदोलावर ते जातीने चालून गेले. त्या काळी इटलीच्या मध्यभागी पोपमहोदयांचे मोठे राज्य होते आणि ते राज्य राखण्यासाठी इतर राजांप्रमाणेच ते लढत असत. म्हणजे या सेनेचा जन्म काही संतपणाच्या वातावरणात झाला नाही. पगारी शिपाई आणि लढवय्या राजा, अशी ती सुरुवात होती. देव वाकड्या रेघांवरही सरळ लिहितो, असे आपण म्हणतो. ते कसे घडले ते आता पाहू.

२. सहा मे १५२७

भाडोत्री शिपाई म्हटला की एक धोका असतो. आज तो याचा पगार खातो, उद्या दुसऱ्याने जास्त दिला तर त्याचा खाईल. आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासालाही हा अनुभव आहे. युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेल्या शिपायांना मराठीत 'गारदी' म्हणत. तो शब्दही 'गार्ड' या शब्दाच्याच घरचा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना ज्यांनी मारले ते गारदीच होते. ज्यांनी राखायचे त्यांनीच घात केला.

१५२७ साली रोममध्ये हीच कसोटी लागली. सम्राट चार्ल्स पाचवा याच्या सैन्याचा पगार थकला होता. उपाशी आणि संतापलेले ते हजारो सैनिक लुटीच्या आशेने रोमवर चालून आले. ६ मे रोजी सकाळी त्यांनी तट ओलांडला. त्यांचा सेनापती तटाखालीच मारला गेला, त्यामुळे त्यांना आवरणारे कोणी उरले नाही. पुढे कित्येक दिवस रोममध्ये जी लूट आणि कत्तल झाली तिचे वर्णन आजही वाचवत नाही.

त्या दिवशी स्विस गार्डचे १८९ शिपाई होते. पळून जाणे शक्य होते, पगार घेऊन शत्रूला मिळणेही शक्य होते. ते गेले नाहीत. संत पेत्र महामंदिराच्या परिसरात ते लढत राहिले. त्यांपैकी १४७ जण मारले गेले. त्यांचे कमांडर कास्पर रॉइस्ट हेही त्यात होते. उरलेल्या ४२ शिपायांनी पोप क्लेमेंट सातवे यांना व्हॅटिकनपासून कास्तेल सांत आंजेलो या किल्ल्यापर्यंत जाणाऱ्या भिंतीवरील अरुंद मार्गाने सुखरूप नेले. तो मार्ग आजही आहे, त्याला 'पासेत्तो' म्हणतात.

पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. पोपमहोदयांना शरण जावे लागले, स्विस गार्ड बरखास्त झाली आणि तिच्या जागी जर्मन शिपाई नेमले गेले. स्विस गार्ड पुन्हा उभी राहिली ती १५४८ साली, पोप पॉल तिसरे यांच्या काळात. म्हणजे त्या १४७ जणांच्या बलिदानाने युद्ध जिंकले गेले नाही, रोम वाचले नाही. एका माणसाचा जीव वाचला, एवढेच. आणि तरीही, स्थापनेचा दिवस जानेवारीत असताना, नव्या शिपायांच्या शपथविधीसाठी ख्रिस्तसभेने हाच ६ मे चा दिवस निवडला आहे. जिंकल्याचा दिवस निवडला नाही, जीव देऊन शब्द पाळल्याचा दिवस निवडला. ही निवडच मोठा धडा आहे.

३. कपाटातील आणि खांद्यावरील शस्त्रे

आता त्यांच्या शस्त्रसामग्रीकडे वळू. त्यांच्या हातातील उंच शस्त्राला 'हॅल्बर्ड' म्हणतात. ते माणसाच्या उंचीहून अधिक लांब असते. लाकडी दांड्याच्या टोकाला तीन हत्यारे एकत्र बसवलेली असतात. वर भाल्याचे टोक, एका बाजूला कुऱ्हाडीचे पाते आणि दुसऱ्या बाजूला आकडा. भाल्याने धावत येणारा घोडा थोपवायचा, आकड्याने स्वाराला खाली ओढायचे आणि कुऱ्हाडीने चिलखत फोडायचे. ज्याच्याकडे घोडा नाही अशा गरीब माणसाने घोडेस्वाराशी सामना करण्यासाठी काढलेली ही युक्ती. मोरगार्टनच्या लढाईत याच शस्त्राने काम केले. म्हणूनच गार्डच्या साध्या शिपायाला आजही 'हॅल्बर्डियर' म्हणजे हॅल्बर्डवाला असे म्हणतात.

डोक्यावर 'मोरियन' नावाचे शिरस्त्राण असते. त्यावर शहामृगाच्या पिसांचा तुरा असतो. साध्या शिपायाचा तुरा लाल, अधिकाऱ्यांचा जांभळा आणि कमांडरचा पांढरा. पूर्वी ही शिरस्त्राणे फक्त धातूची असत. रोमच्या उन्हात ती इतकी तापत की डोके भाजून निघे. २०१९ पासून थ्रीडी प्रिंटिंगने तयार केलेली प्लास्टिकची हलकी शिरस्त्राणे वापरात आली आहेत. दिसायला ती हुबेहूब जुन्यासारखीच आहेत.

पोशाखाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. तो महान शिल्पकार मिकेलांजेलोने तयार केला असे बरेच जण सांगतात. ते खरे नाही. आजचा पोशाख १९१४ साली कमांडर ज्यूल रेपाँ यांनी जुनी चित्रे अभ्यासून, विशेषतः राफाएलच्या भित्तिचित्रांवरून प्रेरणा घेऊन ठरवला. एका पोशाखाचे १५४ तुकडे असतात आणि प्रत्येक शिपायाच्या मापाने तो शिवला जातो. नाताळ, ईस्टर आणि शपथविधी अशा मोठ्या दिवशी त्यावर लोखंडी चिलखत चढवतात. रोजच्या कामासाठी साधा निळा गणवेश असतो.

हे झाले दिसणारे साहित्य. न दिसणारे वेगळे आहे. या शिपायांना स्विस सैन्यातील सिग ५५० रायफल चालवता येते, त्यांच्याकडे ग्लॉक पिस्तुले असतात, मिरीचा फवारा असतो. पोपमहोदय परदेशी जातात तेव्हा काही गार्ड साध्या कोट-टायमध्ये त्यांच्याजवळ असतात. आपण त्यांना ओळखतही नाही. भरतीचे नियमही कडक आहेत. उमेदवार स्विस नागरिक, कॅथोलिक, पुरुष, अविवाहित, १९ ते ३० वर्षे वयाचा, किमान १७४ सेंटिमीटर उंचीचा आणि स्वित्झर्लंडच्या सैन्यातील प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण केलेला असावा लागतो. निदान २६ महिने सेवा करावी लागते. पूर्वी संख्या ११० होती. २०१८ साली ती १३५ करण्याचे ठरले. व्हॅटिकनमध्ये पोलिसांचे काम करणारे जेंडार्मेरी हे दल वेगळे आहे.

या सामग्रीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. या सेनेकडे रणगाडा नाही, तोफ नाही, लढाऊ विमान नाही. कोणाची भूमी घेता येईल असे एकही हत्यार तिच्याकडे नाही. जे आहे ते दार राखण्यासाठी आणि माणूस वाचवण्यासाठी आहे. पोप ज्युलियसच्या काळापासून आजपर्यंत हा बदल कसा झाला?

४. सैन्य लहान होत गेले

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोमला वेढा घालून पोर्ता पिया या दरवाजाजवळ तट फोडला. पोप पायस नववे यांच्याकडे तेव्हा हजारो सैनिक होते. त्यांनी सेनापतीला आधीच कळवले होते की तटाला भगदाड पडेपर्यंतच प्रतिकार करावा, म्हणजे बळजबरी झाली हे जगाला दिसेल, आणि मग लढाई थांबवावी. काही तासांतच पांढरे निशाण वर गेले. हजार वर्षांहून अधिक जुने राज्य गेले, सैन्य विसर्जित झाले. स्विस गार्ड मात्र पोपमहोदयांसोबत व्हॅटिकनमध्ये राहिली. पुढे ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन करारामुळे आजचे छोटे व्हॅटिकन राष्ट्र जन्माला आले.

त्या वेळी पुष्कळ कॅथोलिकांना हा मोठा आघात वाटला. आज मागे वळून पाहता आपण निराळे म्हणू शकतो. राज्य गेले आणि पोपमहोदयांच्या शब्दाचे वजन वाढले. रशियाचा हुकूमशहा स्टॅलिन याने १९३५ साली "पोपकडे किती सैन्यदले आहेत?" असे उपहासाने विचारल्याचे चर्चिल यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. स्टॅलिनचे सोव्हिएत राष्ट्र १९९१ साली मोडले. पोपमहोदयांचे शिपाई अजून दारात उभे आहेत.

१९४३ च्या सप्टेंबरमध्ये जर्मन सैन्याने रोम ताब्यात घेतले. तेव्हा संत पेत्र चौकाच्या तोंडाशी जमिनीवर एक पांढरी रेघ आखण्यात आली होती. रेघेच्या पलीकडे हिटलरचे बंदूकधारी सैनिक, अलीकडे व्हॅटिकनचे मूठभर पहारेकरी. ताकदीचा हिशेब केला असता तर ती रेघ एका तासात पुसली गेली असती. ती पुसली गेली नाही. १९४४ च्या जूनमध्ये रोम मुक्त झाले.

१९७० साली पोप पॉल सहावे यांनी आणखी एक पाऊल टाकले. व्हॅटिकनमध्ये तोवर उमरावांची 'नोबल गार्ड' व रोमच्या नागरिकांची 'पॅलेटाइन गार्ड' अशी आणखी दोन दले होती. ती त्यांनी बंद केली. हेच पोप १९६४ साली मुंबईला आले होते आणि जगातील राष्ट्रांनी शस्त्रांवरील खर्चातून पैसा काढून गरिबांसाठी निधी उभारावा, अशी हाक त्यांनी आपल्या मुंबईतून दिली होती. जगाला सांगितलेली गोष्ट त्यांनी आधी आपल्या घरात आचरली. फक्त स्विस गार्ड ठेवली.

५. ख्रिस्तसभा काय शिकवते?

मग पूर्णच का बंद केली नाही? येथे आपल्याला थोडा विचार करावा लागेल.

तेराव्या शतकातील महान विचारवंत संत थॉमस अक्वायनस यांनी एक साधा पण खोल भेद सांगितला आहे. एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात. माझ्यावर किंवा माझ्या हाती सोपवलेल्या माणसावर कोणी घाव घालत असताना मी तो अडवतो. त्यात एक परिणाम म्हणजे जीव वाचतो. दुसरा परिणाम म्हणजे हल्लेखोराला इजा होते, कधी त्याचा प्राणही जातो. माझा हेतू कोणता, हे पाहायचे. वाचवणे हा हेतू असेल आणि वापरलेले बळ गरजेपुरतेच असेल तर ते कृत्य योग्य ठरते. गरजेपेक्षा जास्त बळ वापरले, किंवा मनात सूड असला, तर तीच कृती पाप ठरते. थोडक्यात, हेतू आणि माप, या दोन गोष्टी तपासायच्या.

१९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेला कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ याच मार्गाने पुढे जातो. ज्याच्यावर दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याला संरक्षण हा केवळ हक्क नाही, ते त्याचे गंभीर कर्तव्यही असू शकते, असे तो शिकवतो. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मला एकट्याला कोणी थप्पड मारली तर मी दुसरा गाल पुढे करीन. तो माझा त्याग झाला. पण शेजाऱ्याच्या लेकराला कोणी मारत असताना मी त्या लेकराचा दुसरा गाल पुढे करू शकत नाही. तेथे मी मध्ये उभे राहिलेच पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही १९६५ साली सैनिकांना लोकांच्या सुरक्षेचे व स्वातंत्र्याचे सेवक मानले, मात्र त्यांनी आपले काम त्या वृत्तीने केले पाहिजे.

त्याच वेळी ख्रिस्तसभा शस्त्राबद्दल अधिकाधिक सावध होत गेली आहे, हेही सांगितले पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकात लिहिले की आजच्या संहारक शस्त्रांच्या काळात एखाद्या युद्धाला न्याय्य म्हणणे फार कठीण झाले आहे. अणुबॉम्बला माप कसले?

आता गेथसेमनी बागेकडे परत या. पेत्राचा घाव चुकीचा का होता? तो भीतीने आणि रागाने घातलेला घाव होता. ज्याला प्रभू स्वखुशीने सामोरा जात होता ते पेत्राला बळाने अडवायचे होते. शिवाय ज्याच्यावर घाव बसला तो एक नोकर होता. हेतूही बिघडला आणि मापही बिघडले. प्रभूने त्याला तलवार म्यानात ठेवायला सांगितले. म्यान म्हणजे संयम. आमच्या मते स्विस गार्डचा सर्व इतिहास म्हणजे पेत्राची तलवार म्यानात परत जाण्याची गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीला तीन-चारशे वर्षे लागली.

६. ढाल कशी असते?

१३ मे १९८१ रोजी संत पेत्र चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वेळी गार्डचे अधिकारी अलोइस एस्टरमान साध्या वेषात गाडीजवळ होते. त्यांनी गाडीवर झेप घेऊन आपल्या शरीराने पोपमहोदयांना झाकले. त्यांच्या हातात त्या क्षणी ना हॅल्बर्ड होते, ना बंदूक. त्यांचे शरीर हीच ढाल होती. पुढे २७ डिसेंबर १९८३ रोजी पोपमहोदय स्वतः तुरुंगात गेले आणि गोळ्या झाडणाऱ्याजवळ बसून बोलले. त्याला त्यांनी आधीच क्षमा केली होती. ही दोन चित्रे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. शिपायाने जीव वाचवला, आणि वाचलेल्या जिवाने क्षमा केली. संरक्षण आणि क्षमा यांचे वैर नाही. आधी हल्ला थांबवायचा आणि मग हल्लेखोराला भाऊ म्हणायचे, हे दोन्ही ख्रिस्ताचेच काम आहे.

मात्र एक दुःखद गोष्टही सांगायला हवी. याच एस्टरमान यांची ४ मे १९९८ रोजी गार्डचे कमांडर म्हणून नेमणूक झाली आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या घरात त्यांना व त्यांच्या पत्नीला गोळ्या घालून मारण्यात आले. मारणारा गार्डमधलाच एक तरुण होता. त्याने नंतर स्वतःलाही संपवले. व्हॅटिकनने त्याचे कारण त्याच्या मनातील नाराजी आणि मनाची बिघडलेली अवस्था असे सांगितले.

जगातील सर्वांत पवित्र मानल्या जाणाऱ्या तटांच्या आत हे घडले. उंच भिंती, कडक भरती, शपथ, चिलखत, काही उपयोगी पडले नाही. कारण मनात शिरलेल्या वैरावर पहारा ठेवणारे शस्त्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. बाहेरच्या दारावर पहारेकरी नेमता येतो. हृदयाच्या दारावर प्रत्येकाने स्वतःच जागे राहावे लागते, आणि शेजारच्या माणसाचे मन काळवंडत चालले असेल तर त्याची वेळीच विचारपूस करावी लागते. गार्डच्या वसाहतीत जे घडले ते कोणत्याही घरात, कोणत्याही वाडीत घडू शकते.

७. तीन बोटे आणि तीन संत

शपथविधीच्या दिवशी नवा शिपाई डाव्या हाताने गार्डचा ध्वज धरतो आणि उजवा हात वर करून तीन बोटे दाखवतो. ही तीन बोटे म्हणजे पवित्र त्रैक्य. गरज पडल्यास प्राणही देऊन पोपमहोदयांचे रक्षण करीन, आणि पोपपद रिक्त असताना कार्डिनल मंडळाशी निष्ठा राखीन, अशी ती शपथ असते. २०२५ साली पोप फ्रान्सिस यांच्या निधनामुळे ६ मे चा विधी पुढे ढकलावा लागला आणि तो ४ ऑक्टोबर रोजी, पोप लिओ यांच्या उपस्थितीत झाला. ४ ऑक्टोबर म्हणजे असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण. तरुणपणी लढाईवर गेलेला आणि पुढे शांतीचा दूत झालेला हा संत. योगायोग म्हणा किंवा देवाची योजना म्हणा!

गार्डचे तीन आश्रयदाते संतही विचार करायला लावणारे आहेत. संत मार्टिन हे सैनिक होते. त्यांनी थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला तलवारीने आपला झगा कापून अर्धा दिला. तलवारीचा याहून चांगला उपयोग आम्हाला माहीत नाही. संत सेबास्टियन हे परंपरेनुसार सम्राटाच्या रक्षकदलातील अधिकारी, ज्यांनी श्रद्धेसाठी बाण सोसले. आणि फ्ल्यूचे संत निकोलस हे स्वित्झर्लंडचे सैनिक, न्यायाधीश, दहा मुलांचे वडील व अखेरीस एकांतवासी. १४८१ साली स्विस प्रांत एकमेकांवर शस्त्र उचलण्याच्या बेतात असताना त्यांच्या सल्ल्याने समेट झाला. तिघांनीही शस्त्र हाती धरले होते. तिघेही संत झाले ते शस्त्राच्या पलीकडे गेल्यामुळे.

प्रिय बंधुभगिनींनो, पोपमहोदयांच्या शिपायांकडे पाहून आपण काय घ्यायचे? आपल्या प्रत्येकाच्या हाती कोणी ना कोणी सोपवलेले आहे. लेकरे, म्हातारे आईवडील, एकटी राहणारी शेजारीण, शाळेत सगळे चिडवतात तो मुलगा. त्यांच्या दारात उभे राहणे हे आपले काम आहे. आणि आपल्यालाही शस्त्रे मिळालेली आहेत. कोणाकडे जीभ आहे, कोणाकडे पैसा, कोणाकडे पद, कोणाकडे मनगटातील जोर. तीच हत्यारे हल्ल्यासाठीही वापरता येतात आणि आडोशासाठीही. हेतू आणि माप तपासायचे, बाकीचे म्यानात ठेवायचे.

आणि ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी आज खाकी वर्दीत, सीमेवर किंवा रात्रपाळीच्या पहाऱ्यावर आहे त्या आईवडिलांना आम्ही सांगू इच्छितो : आपल्या लेकरासाठी मिस्सामध्ये प्रार्थना करताना संकोच करू नका. त्याने शस्त्र धरले आहे म्हणून प्रभू त्याच्यापासून दूर गेलेला नाही. त्याचे हात कोणाच्या तरी संरक्षणासाठीच उठोत आणि त्याचे मन द्वेषापासून मुक्त राहो, एवढेच मागा.

घरी चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. १५२७ साली १४७ शिपायांनी प्राण दिले, तरी रोम वाचले नाही. मग त्यांचे बलिदान वाया गेले का? तुमच्या घरातील लहान-मोठ्यांना काय वाटते?

२. गेल्या महिन्याभरात तुम्ही रागाने काही बोललात किंवा केलेत का? त्यात हेतू काय होता आणि माप किती होते?

३. आपल्या वाडीत असे कोण आहे, ज्याच्या दारात आज कोणीही उभे नाही? त्याच्यासाठी या आठवड्यात आपले कुटुंब काय करू शकेल?